अर्धाच सांगितलेला शब्द

आमच्या घरात इंग्रजी शिकलेला पहिला मुलगा मी, पण ती भाषा माझ्याकडे हमरस्त्यानं आली नाही. ती आली उर्दूच्या गल्लीतून. बाबा बंदरावरच्या एका वखारीत कारकून होते. त्यांचं मोडी अक्षर वखारीतले लोक एकमेकांना दाखवीत. इंग्रजी कागद हातात आला मात्र, की ते तो लांब धरून पाहत, जवळ धरून पाहत आणि शेवटी घडी करून खिशात घालत. आपल्या धाकट्या मुलावर तरी ही पाळी येऊ नये म्हणून त्यांनी मला दाऊद मुनशींकडे नेऊन बसवलं. मुनशी मूळचे बाणकोटकडचे. बंदरावर बसून खलाशांची पत्रं आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. डोळे अधू झाल्यावर ते खेतवाडीच्या पलीकडे, एका पिंजाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आले होते. माझ्याशी ते आमच्यासारखंच कोकणी वळणाचं मराठी बोलत. पण ज्या पुस्तकातून ते स्वतः इंग्रजी शिकले होते, ते उत्तरेकडे कुठंतरी छापलेलं होतं. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा उर्दू अर्थ. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत त्यांना थेट येताच येत नसे. मध्ये उर्दूच्या ठाण्यावर थांबावंच लागे.

थोड्याच काळापूर्वी शहरात मोठी दंगल होऊन गेली होती आणि माणसं एकमेकांच्या मोहल्ल्यातून जाताना अजून मान खाली घालून जात. आमच्या वाडीतल्या एकदोघांनी बाबांना हटकलं, "पोराला तिकडे कशाला धाडता?" बाबा म्हणाले, "तो तिकडे नाही जात, मुनशींकडे जातो." त्यांनी तेवढंच म्हटलं आणि चपला घालून कामावर गेले.

मुनशींची शिकवण्याची रीत ठरलेली होती. ते चटईवर भिंतीला टेकून बसत, चष्म्याचा दोरा कानामागे नीट करत आणि एक शब्द उच्चारत. मग म्हणत, "माने." मग उर्दू अर्थ सांगत. मग म्हणत, "इस्तेमाल," आणि त्या शब्दाचं एक वाक्य घडवत, आधी उर्दूत, मग इंग्रजीत. "रिग्रेट. माने, अफसोस. इस्तेमाल, मुझे अफसोस है कि मैं हाजिर न हो सका." खाली पिंजाऱ्याची धनुकली टणटणत असे आणि कापसाचे तंतू जिन्यावरून वर येऊन आमच्या केसांवर बसत. वाक्य झाल्याशिवाय ते मला पुढच्या शब्दावर जाऊ देत नसत. म्हणत, "अर्थ काय, कोशात सगळ्यांना मिळतो. तो शब्द लोक कुठं वापरतात ते कळलं नाही, तर अर्थ असून फुकट." मला गंमत वाटे ती याची की, त्यांच्या उर्दूतले अर्धे शब्द मला घरूनच येत होते. अर्ज, तारीख, हजर, कबूल, बाबत, हे सगळे बाबांच्या मोडीतले शब्द. मुनशी म्हणत, "ते आमच्याकडून गेले की तुमच्याकडून आले, आता कोण सांगणार? राहू देत दोघांकडे."

शाळेत मात्र यामुळे एकदा छडी खावी लागली. मास्तरांनी 'पेशन्स'चा अर्थ विचारला आणि मी उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "सब्र." वर्ग हसून लोळला. मास्तर म्हणाले, "मराठीत सांग." मला 'धीर' आठवेना. जिभेवर पुन्हा पुन्हा सब्रच येई. घरी येऊन हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती पाट्यावर नारळ वाटत होती. हसता हसता तिच्या हातातला वरवंटा थांबला आणि आईनं बाहेरून विचारलं, "वाटण झालं का गं?"

वहिनीबद्दल इथं सांगायला हवं. माझा मोठा भाऊ विठ्ठल, आम्ही त्याला दादा म्हणत असू. मला तेरावं लागलं होतं तेव्हा तो बाविशीचा होता आणि वहिनी सोळा वर्षांची. तिचं माहेर दादरचं. तेव्हाचं दादर म्हणजे माडांच्या वाड्या आणि त्यांच्यातून जाणाऱ्या पायवाटा. तिचे वडील, तात्या, एक माडांची वाडी राखून होते. वहिनी आमच्याकडे आली तेव्हा तिला गिरगावातल्या ट्रामच्या घोड्यांची भीती वाटे. घंटा वाजली की ती माझी बाही धरी. दादा आगबोटीवर मालाचा कारकून म्हणून लागला आणि एडन, झांजिबार अशा सफरीवर जाऊ लागला. बाबांना ही नोकरी पसंत नव्हती, आईला तर नव्हतीच, पण दादाचं मन वखारीत लागणारं नव्हतं. एका सफरीहून त्यानं झांजिबारच्या लवंगांची पुरचुंडी आणली. त्या लवंगा आई इतक्या जपून वापरी की दादा पुन्हा निघून गेला तरी आमच्या आमटीला त्याचा वास येत होता. तो नसला की वहिनी दुपारी मला म्हणायची, "भाऊजी, आज मुनशींनी कोणता शब्द दिला?" मी सांगायचा, आणि ती तो चुलीशी बसून पुटपुटायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिच्या तोंडी शब्द माझ्यापेक्षा स्वच्छ बसायचे.

ते पत्र श्रावणातल्या एका सोमवारी आलं. शाळेला अर्धी सुट्टी होती. आई आणि वहिनी, दोघींचा दादासाठी सोमवारचा उपास. संध्याकाळी तो सोडायचा म्हणून वालाचं बिरडं शिजत होतं आणि वहिनी अळूची पानं चिरत होती. पाकिटावर बाबांचं नाव इंग्रजीत होतं आणि मागं कंपनीचा शिक्का. आई म्हणाली, "फोड रे, विठूचं असेल." मी फोडलं. ते दादाचं नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आगबोट नांगरून उभी होती. दादा आणि सहा माणसं लहान होडीतून किनाऱ्यावर जायला निघाली होती. हवा बिघडली. होडी परत आली नाही. इथवर मला समजत होतं, आणि समजतंय याचीच भीती वाटत होती. शेवटच्या ओळीत 'ड्राउन्ड' हा शब्द होता, आणि तो मला येत होता.

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं.

"बाबांना येऊ दे," मी म्हणालो.

आईनं पुन्हा विचारलं नाही. ती आत गेली आणि बिरडं ढवळू लागली. ते शिजून झालेलं होतं, तरी ती ढवळतच राहिली. वहिनीच्या विळीचा आवाज थांबला होता.

बाबा आले, त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाय धुतले. मग मी पत्र पुढं केलं. ते म्हणाले, "वाच." मी वाचून अर्थ सांगत गेलो आणि शेवटच्या ओळीपाशी अडलो. "दादा बुडाला असं आहे... पण त्या शब्दाच्या आधी आणखी एक शब्द आहे. प्रिझ्यूम्ड. तो मला येत नाही."

बाबा भिंतीला धरून खाली बसले. मग ते म्हणाले, "म्हणजे नुसतं बुडाला असं नाही लिहिलेलं."

"नाही. त्या शब्दाला धरून आहे."

"मग तो शब्द कळल्याशिवाय तू काहीच बोलू नकोस. मुनशींकडे जा. धावत जा."

आज माझ्या टेबलावर तीन कोश आहेत. पुढं मी कोर्टात भाषांतरकार झालो आणि त्या नोकरीत हा शब्द मी किती कागदांवर उतरवला त्याची गणती नाही. पण त्या संध्याकाळी मी जसा त्या शब्दासाठी धावलो, तसा जन्मात पुन्हा कशासाठी धावलो नाही. रस्त्यानं मी देवाला सांगत होतो की त्याचा अर्थ 'नाही' असा असू दे. बुडाला नाही.

मुनशी नमाजाहून नुकतेच उठले होते. त्यांनी पत्र दिव्याशी नेलं, डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं आणि सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो शब्द त्यांना येत असणार, तरी त्यांनी कोश काढला आणि सावकाश पानं उलटली. मला वाटतं, मला थोडा वेळ मिळावा म्हणूनच.

"प्रिझ्यूम," ते म्हणाले. "माने, कयास करना."

कयास हा शब्द मला माहीत होता. बाबा पावसाचा कयास बांधत, गलबतं कधी लागतील याचा कयास बांधत. कयास म्हणजे तर्क, अंदाज. माझ्या छातीवरचा धोंडा एकदम हलला.

"आणखी एक माने आहे," मुनशी म्हणाले. "फर्ज कर लेना. एखादी गोष्ट घडली असं धरून चालणं."

"इस्तेमाल?" मी सवयीनं विचारलं.

त्यांनी कोश मिटला. खाली पिंजारी अजून काम करत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "इस्तेमाल. बरसों तक उसकी कोई खबर न आई, इसलिए अदालत ने उसे मुर्दा फर्ज कर लिया."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते मराठीत बोलू लागले. "हे बघ बेटा. तुझ्या घरी कयास म्हणजे अंदाज. पण कागदावर हा शब्द येतो तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात अंदाज राहिलेला नसतो. त्यांनी होडी शोधली असेल, किनारा शोधला असेल, थांबून वाट पाहिली असेल. देह हाती लागला नाही, म्हणून 'मेला' असं लिहिता येत नाही. तेवढ्यासाठी हा शब्द आहे. मी बंदरावर अशी पत्रं खूप बायकांना वाचून दाखवली. त्यांतला एकही माणूस परत आलेला मी पाहिला नाही."

"पण नक्की नाही ना?"

"अल्लाला नक्की. आपल्याला नाही. म्हणून तर सांगतो, घरी दोन्ही सांग. पहिला अर्थ सांगून थांबू नकोस." मग ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मी येऊ का तुझ्याबरोबर? तुझ्या बाबांना मीच सांगतो."

ते काठी शोधू लागले. आणि मी नको म्हणालो. मला आमची वाडी डोळ्यांपुढं आली, गॅलऱ्यांत उभी असलेली माणसं, मुनशींची दाढी आणि गोल टोपी आमच्या जिन्यावरून चढताना बघणारी. म्हणालो, "मी सांगतो ना, मला कळलंय." त्यांनी काठी पुन्हा भिंतीला लावली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मदत देऊ केली गेली आणि मी ती नाकारली असे प्रसंग थोडे नाहीत, पण त्यांतला हा एक मला अजून झोपेतून उठवतो.

मी घराकडे परतलो तेव्हा रस्त्यावरचे गॅसचे दिवे लागत होते. मनात मी वाक्य जुळवत होतो. आधी कयास सांगायचं, मग फर्ज, मग मुनशींचं म्हणणं. पण आई जिन्याच्या खालच्या पायरीवरच उभी होती. तिनं मला वर जाऊच दिलं नाही. दोन्ही खांदे धरून म्हणाली, "काय रे? नक्की आहे का?"

"नक्की नाही," मी म्हणालो, "पण..."

माझा 'पण' तिनं ऐकलाच नाही. ती वळून जिना चढू लागली, आणि चढता चढता वर ओरडून सांगू लागली, "नक्की नाही. ऐकलंत का? नक्की नाही म्हणतोय." उपाशी पोटी ती इतक्या वेगानं कशी चढली कोण जाणे. मी तिच्या मागून वर पोचलो तेव्हा घरभर ती बातमी झालेली होती.

आमच्याच वाडीत राहणारे दामूकाका, बाबांचे चुलतभाऊ, येऊन बसले होते. घरातल्या लग्नामुंजी, सुतकं, तेरावी यांत त्यांचा शब्द चाले. आत स्वयंपाकघराच्या दाराशी काकू बसल्या होत्या, आणि त्यांनी वहिनीचे दोन्ही हात मनगटाशी धरून ठेवले होते. जोरानं नव्हे, नुसते धरून. वहिनीच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. काकूंची बोटं त्या बांगड्यांवर होती आणि त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"इकडे ये," दामूकाका म्हणाले. "सुतक धरायचं की नाही, एवढंच मला ठरवायचंय. मुनशी काय म्हणाला ते जसंच्या तसं सांग."

"ते म्हणाले, त्या शब्दाचा अर्थ कयास करणे."

"कयास म्हणजे आपला कयासच?"

"हो."

"म्हणजे डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही."

"नाही."

"आणखी काही म्हणाला?"

मी वहिनीच्या हातांकडे पाहिलं. आई देवापुढं जाऊन बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं तर मघाशी भिंतीला धरून बसलेला माणूस आता ताठ झालेला.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

काकूंनी वहिनीचे हात सोडले. दामूकाका म्हणाले, "मग सुतक नाही. बातमी येईपर्यंत थांबायचं." त्या रात्री कुणी फारसं जेवलं नाही, पण आईनं उपास सोडला. तिनं बिरडं वाढलं तेव्हा मला पहिल्यांदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरहून तात्या आले. त्यांना रात्रीच निरोप गेला होता. ते भल्या पहाटे चालत निघाले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. आत येईनात. उंबऱ्याशीच बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बाबांना म्हणाले, "मला शिक्षण नाही. मला एवढंच सांगा, माझी पोर आजपासून कोण?"

बाबा म्हणाले, "होती तीच. आमची सून. विठू गेल्याचं नक्की नाही."

"कोण म्हणतं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. तात्या माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये दादरची माती होती. मला वाटलं, आता सांगावं. पण रात्रभरात माझं ते अर्धं वाक्य मोठं झालं होतं, सगळं घर त्याच्यावर उभं होतं. मी मान हलवली. तात्यांनी पागोटं पुन्हा डोक्याला घातलं. आत वहिनीनं त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी केली होती. ती त्यांनी खाल्ली नाही, फडक्यात बांधून घेतली.

आमच्या जातीत त्या वेळी पाट लावण्याची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून देण्याची, चाल होती. दादरकडे ती उघड चालू होती, आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्या गिरगावकरांना मात्र ती कमीपणाची वाटू लागली होती. तरीसुद्धा नवरा वारलेली सोळा वर्षांची मुलगी बाप घेऊन जाता तर त्याला कुणी अडवलं नसतं. पण नवरा वारलेला नाही अशा मुलीला न्यायचं कसं आणि कुठं? हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी समजत होतो की मी तिच्या बांगड्या वाचवल्या.

पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत. कंपनीकडून एकदाच एक कागद आला, त्यातही तोच शब्द होता, आणि तो वाचून दाखवताना मी तसाच पुढं गेलो. मुनशींकडे मी जाईनासा झालो. दोनतीन महिन्यांनी ते मला रस्त्यात भेटले, एका पोऱ्याचा खांदा धरून चालले होते. माझा आवाज ओळखून थांबले. म्हणाले, "घरी सगळं सांगितलंस ना?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "शाबास. कठीण काम होतं." पुढं ते बाणकोटला गेले आणि तिकडेच वारले असं कानावर आलं.

घरात वहिनीचं जगणं मात्र दिवसेंदिवस विचित्र होत गेलं. कपाळावर कुंकू, हातांत बांगड्या, आणि तरी संक्रांतीला वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावताना तिच्यापाशी येऊन थबकत. कुणी करंडा पुढं करी, कुणी आईला लावून तिच्यापुढून जाई. ती स्वतः हात पुढं करीत नसे आणि मागंही घेत नसे. सणाला आई तिला नवं लुगडं नेसायला सांगायची, आणि ती नेसून आली की आई तोंड फिरवायची. दुपारी ती मला शब्द विचारीनाशी झाली. मीही सांगीनासा झालो. माझी इंग्रजी इयत्ता पुढं सरकत होती, ती चुलीशी होती तिथंच होती.

दोन वर्षांनी तात्या पुन्हा आले. या वेळी ते आत येऊन बसले. माहीमचा एक बिजवर होता, वयानं फार नव्हता, माणूस चांगला होता, एक लहान मुलगी होती त्याला. तात्या बाबांना म्हणाले, "तुमच्याकडून मला काही नको. तुम्ही फक्त चार माणसांत म्हणा की तो गेला. पुढचं मी बघतो."

बाबा आईकडे बघू लागले. आई म्हणाली, "माझ्या तोंडानं म्हणू? ज्याला नऊ महिने वागवला तो गेला असं मी म्हणू? इंग्रजांच्या कागदानं सुद्धा म्हटलं नाही."

मी तिथंच होतो, पंधरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यं पुरली असती. पण ती दोन वाक्यं बोलायची तर दोन वर्षांपूर्वी मी खोटं बोललो हेही बोलावं लागलं असतं, आणि ज्या आशेवर माझी आई सकाळी उठत होती ती मीच तिला फसवून दिली होती हेही. तात्या उठले. मग वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. पुढं शहरात साथीची वर्षं आली, त्यांत ते गेले. माहीमच्या त्या गृहस्थानं केव्हाच दुसरीकडे लग्न केलं होतं.

बारा वर्षं झाली. आमच्याकडे असं मानत की बारा वर्षं माणसाची वार्ता नसली तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि क्रिया उरकावी. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, म्हणून ते मीच केलं, बाणगंगेवर. दर्भाचा तो पुतळा इतका लहान होता की दादाशी त्याचा काही संबंध लावता येईना. घटकाभरात सगळं आटपलं. मी ओल्या धोतरानं घरी आलो. काकू येऊन गेल्या होत्या. वहिनीच्या हातांत बांगड्या नव्हत्या. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती, कारण घरात माणसं जेवायची होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "वहिनी, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मुनशी एवढंच म्हणाले नव्हते." आणि मी सांगितलं, सगळं, जसं त्यांनी सांगितलं होतं तसं, दोन्ही अर्थ, ते वाक्य, बंदरावरच्या बायका, आणि त्यांनी येऊ का विचारलं तेही. सांगताना माझा आवाज तेरा वर्षांच्या मुलासारखा फुटत होता.

ती तांदूळ निवडतच होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही माझ्या हातांकडे बघत बोललात ना. तेव्हाच कळलं."

"मग तू का नाही बोललीस? तेव्हा नाही तर निदान तात्या माहीमचं घेऊन आले तेव्हा?"

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला कुणी विचारलं होतं, भाऊजी?" ती म्हणाली.

आतून आईनं भात टाकायला हाक मारली. वहिनीनं सूप उचललं आणि ती आत गेली.